पाटी बदलली, त्यानंतर

आमच्या भागातली उस्मानाबादी शेळी राज्यभर प्रसिद्ध आहे. काळी, काटक, दुष्काळात तगणारी, जुळी करडं देणारी. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, तरी बाजारात तिला अजून कुणी धाराशिवी म्हणत नाही. २०२४ ची लोकसभा निवडणूकही 'उस्मानाबाद' नावाच्या मतदारसंघातच झाली.

उस्मानाबाद हे नाव सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचं. पूर्वी जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गला होतं, ते विसाव्या शतकाच्या आरंभी इथं आलं. धाराशिव हे नाव त्याच्याही आधीचं. गावाजवळची लेणी धाराशिवचीच म्हणून ओळखली जातात, आणि खेड्यांतली म्हातारी माणसं सरकारी नावाची फिकीर न करता 'धाराशिवला जाऊन येतो' असंच म्हणत. शेजारची अंबाजोगाईही निजामी राजवटीत मोमिनाबाद होती. ते नाव आज किती जणांना आठवतं?

नामांतर मला योग्य वाटतं. राजाच्या नावानं गाव ओळखलं जावं, हे प्रजेला विचारून ठरलेलं नव्हतं. शिवाय १९४७-४८ साली याच निजामाच्या राज्यात रझाकारांनी जे केलं, ते मराठवाडा विसरलेला नाही. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज सोलापूरकडून आली ती नळदुर्गावरून.

पण हिशेब मांडायचा तर पुरा मांडावा. याच निजामानं उस्मानिया विद्यापीठ काढलं, पुण्याच्या भांडारकर संस्थेला पैसे दिले. आणि रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ज्यांचा खून झाला, ते संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होते. आमच्या गावात ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसाला सगळ्या जातिधर्मांची माणसं जातात. भांडण एका राजवटीशी होतं. गल्लीतल्या अत्तारानं किंवा शिंप्यानं नवी पाटी आपल्याविरुद्धचा निकाल म्हणून वाचावी, असं आपल्या बोलण्यात काही येऊ नये. विजयाच्या घोषणांत ते येतं, म्हणून सांगतो.

आता कागदांचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रानं शहराच्या नावाला मंजुरी दिली, जिल्ह्याची अधिसूचना सप्टेंबरमध्ये निघाली. मधले काही महिने गाव धाराशिव आणि जिल्हा उस्मानाबाद! मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं विरोधातल्या याचिका फेटाळल्या, तेव्हा कोर्टातला वाद जवळपास मिटला. टेबलावरचा मिटला नाही. माझ्या प्रमाणपत्रांवर उस्मानाबाद आहे, नातवाच्या दाखल्यावर धाराशिव. मला त्याचं काही वाटत नाही, मी निवृत्त माणूस. पण कळंब-परंड्याहून पुण्याला कामाला गेलेल्या मुलाला कुणी 'हे दोन जिल्हे का?' असं विचारलं आणि परत पाठवलं, तर त्याची दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचं भाडं वर.

म्हणून माझं मागणं साधं आहे. दाखल्यांवर निदान एक पिढीभर 'धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद)' असं छापावं. २०२० च्या जानेवारीत मराठी साहित्य संमेलन आमच्याकडे झालं, ते उस्मानाबादचं संमेलन म्हणूनच नोंदलं गेलं आहे. ती नोंद खोडायचं कारण नाही. आणि शाळेत मुलांनी विचारलं, की हा उस्मान कोण, तर मास्तरांनी नळदुर्गची फौजही सांगावी आणि शोएबुल्ला खानही. तासाभराचा धडा आहे, जास्त नाही.