हिरवा पाषाण आणि हलकी भिंत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मानेसर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



मी स्थापत्यविशारद नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आणि केंद्र सरकारच्या सेवेतील एक अधिकारी. तरीही हा विषय निवडला, कारण आपल्यापैकी अनेकांचे संसार या परिसरातील उंच इमारतींत आहेत. ज्या भिंतींखाली आपली मुले खेळतात, त्यांवर काय बसविले आहे, हे जाणून घेण्याचा हक्क केवळ अभियंत्यांचा नाही.

मानेसरवरून जाणारा 48 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आपल्या जिव्हाळ्याचा. तोच पुढे मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूरकडे जातो. त्याच वाटेवर, उदयपूरच्या दक्षिणेस ऋषभदेव, म्हणजेच केसरियाजी, हे तीर्थक्षेत्र लागते. तेथील परिसरातल्या खाणींतून हिरवा संगमरवर निघतो. व्यापारात त्यास संगमरवर म्हणत असले, तरी भूशास्त्राच्या दृष्टीने तो मुख्यतः सर्पेंटिनाइट नावाचा खडक आहे. मकराण्याचा शुभ्र पाषाण चुनखडकाच्या रूपांतरातून घडला; या हिरव्याची जातकुळी निराळी.

गडकोटांच्या सहवासात वाढलेल्या आपल्या मनावर ‘जड ते टिकाऊ’ हे समीकरण ठसलेले आहे. परंतु भूकंपात वास्तूवर येणारा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांची मातीची छपरे कोसळल्यामुळे. 2016 च्या भारतीय मानकात दिल्ली आणि गुरुग्राम हे भूकंपाच्या चौथ्या विभागात गणले होते. तेव्हा उंचावर चढविलेला प्रत्येक किलो विचारपूर्वकच चढवावा.

येथे हलक्या पॅनेलची उपयुक्तता दिसते. त्यात दगडाचा सुमारे 5 मिलिमीटर जाडीचा पापुद्रा असतो आणि त्यामागे मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी घरांचा ॲल्युमिनियमचा गाभा. 20 मिलिमीटर जाडीच्या दगडाचे वजन चौरस मीटरला सुमारे 54 किलो भरते. अशा पॅनेलचे साधारण 16 ते 17. म्हणजे 30 चौरस मीटरच्या भिंतीवर सोळाशे किलोंऐवजी पाचशेच किलो भार. शिवाय एकाच शिळेतून कितीतरी अधिक पृष्ठभाग मिळतो आणि डोंगर तेवढा कमी पोखरला जातो.

मात्र हलके ते सर्व निर्धोक, असेही नव्हे. 14 जून 2017 रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत 72 जणांचा अंत झाला. त्या इमारतीवरील ॲल्युमिनियमच्या हलक्या आवरणाचा गाभा ज्वलनशील पॉलिथिलीनचा होता. आपल्या पॅनेलचा गाभा धातूचा असला, तरी थर जोडणारा डिंक हा रासायनिकच असतो. म्हणून उंच बाह्य भिंतीवर केवळ चिकटविण्यावर न विसंबता धातूच्या खिळणी हव्यात, आणि संपूर्ण रचनेची अग्निचाचणी झालेली हवी.

हिरव्या पाषाणाचे आणखी एक पथ्य आहे. पाणी मिसळलेल्या सिमेंटवर बसविलेली त्याची पातळ लादी ओल शोषून वाकते, कडा उचलते. पांढऱ्या संगमरवराचा अनुभव येथे कामी येत नाही. त्यास इपॉक्सीसारखा पाणीविरहित डिंकच लागतो.

तेव्हा घर घेताना किंवा सोसायटीच्या सभेत चार प्रश्न अवश्य विचारावेत: वजन किती? गाभा कशाचा? आधार कशाचा? आगीची चाचणी झाली आहे काय? रंग आणि झिलई आपल्याला डोळ्यांनी दिसते. उत्तरे मात्र लेखी मागावी लागतात. कागदपत्रांत आयुष्य गेलेल्या माणसाचा एवढा अनुभव आपण मानावा.