नायलॉनच्या तारा, अरुंद नेक

नायलॉनच्या तारा बोटांना मऊ लागतात. पण क्लासिकल गिटारचा नेक रुंद असतो, नटपाशी (वरच्या टोकाच्या, तारा टेकतात त्या पट्टीपाशी) साधारण 52 मिलिमीटर. लहान हाताला तो अवघड जातो. म्हणून अरुंद नेकची, म्हणजे क्रॉसओव्हर गिटार पाहा. तिथं रुंदी बहुधा 48 मिलिमीटर असते. यामाहाची एनटीएक्स-1 अशीच आहे.

कुणी म्हणेल, स्टीलच्या तारांच्या गिटारलाच नायलॉन लावू, पैसे वाचतील. तसं नको. नायलॉनचा ताण कमी. त्या गिटारची मजबूत फळी त्यानं पुरेशी हलत नाही, आवाज दबतो. कुणी म्हणेल, अरुंद नेकवर तारांची गर्दी होते. खरंय. नायलॉनची तार जास्त पसरून थरथरते. म्हणूनच नेक अरुंद असला, तरी फार अरुंद नको. घरीच वाजवणार असाल, तर पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारी सोय) नसलेली घ्या. ती स्वस्त पडते.