साळीच्या लोंबीत दाणे किती?

(इंदूर येथील अन्नपूर्णा परिसरात मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



ज्या देवीच्या मंदिरावरून या परिसरास नाव मिळाले, ती अन्नपूर्णा आपल्या घरोघरच्या देव्हाऱ्यांतही आहे. गौरीहर पुजताना वधू जिच्यावर तांदूळ वाहते आणि जिला बरोबर घेऊन ती सासरी जाते, तीच ही देवता. तेव्हा तांदळाच्या दाण्याविषयी येथे चार शब्द बोलणे अप्रस्तुत ठरू नये. मी कला शाखेचा पदवीधर, प्रसिद्धी खात्यातील अधिकारी. शास्त्रज्ञांचे म्हणणे लोकांपर्यंत पोहोचविणे एवढेच माझे काम. परंतु नुसती घोषणा पोहोचवून ते काम पुरे होत नाही, तिच्यामागील कारणही सांगावे लागते, अशी माझी समजूत आहे.

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री श्री. शिवराजसिंह चौहान यांनी नवी दिल्ली येथे जनुक-संपादनाने तयार केलेल्या भाताच्या दोन वाणांची घोषणा केली. त्यांपैकी 'डीआरआर धान १००' अथवा 'कमला' हा वाण हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने 'सांबा मसुरी' या लोकप्रिय वाणापासून तयार केला. ज्या राज्यांसाठी त्याची शिफारस झाली, त्यांत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्ये आहेत. मूळ वाणापेक्षा सुमारे १९ टक्के अधिक उत्पादन आणि सुमारे २० दिवस लवकर कापणी, असा संस्थेचा दावा आहे. हे कशामुळे घडावे?

लोंबीत किती दाणे धरावयाचे याचा हिशेब रोपाच्या अंगीच असतो. या हिशेबात मोठा वाटा आहे तो सायटोकायनिन नावाच्या संप्रेरकाचा. संप्रेरक म्हणजे अत्यल्प प्रमाणात असूनही वाढीवर नियंत्रण ठेवणारे द्रव्य. सायटोकायनिनमुळे पेशींचे विभाजन होते, कोंब फुटतात आणि पाने अधिक काळ हिरवी राहतात. १९५५ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मिलर, स्कूग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वर्गातील पहिले द्रव्य वेगळे केले. १९६३ साली लेथम यांना मक्याच्या कोवळ्या दाण्यांत असेच द्रव्य सापडले. मक्याच्या शास्त्रीय नावावरून त्यास 'झिएटिन' म्हणतात.

जळगावकडील शेतकरी केळीची ऊतिसंवर्धित रोपे लावतात. प्रयोगशाळेतील बाटलीत एका कोंबापासून अनेक कोंब फुटतात, ते पोषकद्रव्यात मिसळलेल्या सायटोकायनिनमुळेच. मात्र तेथे हे द्रव्य बाहेरून दिलेले असते. शेतातील रोप ते स्वतःच तयार करते आणि त्यासाठी लागणाऱ्या सूचना त्याच्या जनुकांत असतात.

ही व्यवस्था पाण्याच्या हौदासारखी आहे, असे समजावे. हौदात पाणी आणणारी एक तोटी आणि पाणी बाहेर नेणारी दुसरी. 'आयपीटी' या नावाने ओळखली जाणारी जनुके सायटोकायनिनच्या निर्मितीचा आरंभ करतात. वनस्पतींतील ही जनुके २००१ साली जपानी संशोधकांनी ओळखली. 'सीकेएक्स' नावाची जनुके याउलट कार्य करतात. त्यांच्या आज्ञेने तयार होणारे विकर सायटोकायनिनचे विघटन करते. २००५ साली जपानी संशोधकांनीच दाखवून दिले की, भाताच्या ज्या वाणांत यांपैकी एक जनुक मंद असते, त्यांच्या लोंबीच्या कोवळ्या शेंड्यात सायटोकायनिन साचून राहते आणि दाणे अधिक धरतात. म्हणजे येणारे पाणी वाढविले नाही, बाहेर जाणारे रोखले. 'कमला' वाणात याच जनुकात बदल केलेला आहे. त्यात अन्य जीवाचे जनुक ठेवलेले नाही. अशा प्रकारच्या वाणांना केंद्र शासनाने मार्च २०२२ मध्ये जनुकीय परिवर्तित पिकांच्या काही कडक नियमांतून सूट दिली आहे.

येथे कोणी विचारील की, मग हे संप्रेरक हवे तितके का वाढवू नये? याचे उत्तर निसर्गाने आधीच देऊन ठेवले आहे. मातीतील ॲग्रोबॅक्टेरियम हा जीवाणू झाडाच्या जखमेतून आत शिरतो आणि संप्रेरके बनविणारी आपली जनुके झाडाच्या पेशींत घालतो. पेशी बेसुमार वाढतात आणि खोडावर गाठ येते. शिवाय सायटोकायनिन कोंबाची वाढ करते, परंतु मुळांची वाढ रोखते. ते कमी केलेल्या प्रायोगिक रोपांत मुळे वाढली आणि शेंडा खुरटला, असे आढळले आहे. तात्पर्य, किती यापेक्षा कोठे आणि केव्हा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. दाणे धरणे वेगळे आणि दाणे भरणे वेगळे. लोंबीत दाणे पुष्कळ धरले, परंतु त्यांना पुरेसे अन्न मिळाले नाही, तर त्यांतील बरेच पोचट राहतात. जनुक जागा करून देईल, ती भरावयाची ती पाने, मुळे, पाणी आणि माती यांनी.

या वाणाच्या चाचण्यांच्या आकडेवारीविषयी आणि तंत्रावरील पेटंटविषयी काही संघटनांनी आक्षेप घेतले आहेत. आकडेवारीवरील आक्षेप भारतीय कृषी संशोधन परिषदेस मान्य नाहीत. प्रसिद्धीचे काम करणाऱ्याने हे झाकून ठेवू नये, असे मला वाटते. ज्याच्या वर्षभराच्या अन्नाचा प्रश्न आहे, त्यास शंका विचारण्याचा अधिकार आहे. गोंदिया-भंडाऱ्याचा अथवा बालाघाटचा शेतकरी उद्या हे बियाणे हाती घेईल, तेव्हा त्याने ते प्रथम थोड्या वाफ्यांत, आपल्या नेहमीच्या वाणाशेजारी लावून पाहावे. भरलेले दाणे मोजावेत, उतारा तोलून पाहावा आणि मगच क्षेत्र वाढवावे. स्तुती ऐकून हुरळून जाऊ नये, आणि 'जनुक' हा शब्द ऐकून बिचकूही नये.

याच इंदूर नगरीत १९२४ पासून काही वर्षे अल्बर्ट हॉवर्ड यांनी संशोधन केले. शेतातील पालापाचोळा व शेण यांचे उत्तम खत करण्याची त्यांची रीत 'इंदूर पद्धत' म्हणून जगास परिचित झाली. पिकाचे बळ मातीत पाहावे, ही त्यांची शिकवण जनुकांच्या युगातही जुनी झालेली नाही. नवे बियाणे आणि कसदार माती यांची सांगड घातली, तरच अन्नपूर्णेच्या हातची पळी रिकामी राहणार नाही.