आपला आलेख कधी चढतो, कधी उतरतो
(सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



मी निपाणीचा. राज्यशास्त्र शिकतोय, त्यामुळं एक खोड लागलीय. कुणी म्हणालं "चळवळ संपली", की मी विचारतो, कशावरून? "चळवळ लई जोरात आहे" म्हणणाऱ्यालाही तेच विचारतो.

आधी विधानसभा बघू. २००८ ला समितीचा एकही आमदार नाही. २०१३ ला दोन, बेळगाव दक्षिण आणि खानापूर. २०१८ ला पुन्हा शून्य, त्या वेळी आपल्यातच दोन गट होते. २०२३ लाही शून्य. एवढंच बघितलं तर संपली म्हणावं लागेल.

पण मधेच एक आकडा आहे, जो या चित्रात बसत नाही. एप्रिल २०२१, बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक. समितीच्या तरुण उमेदवाराला जवळपास १ लाख १७ हजार मतं पडली. जिंकलेल्या आणि हरलेल्या राष्ट्रीय पक्षांतला फरक होता पाच हजारांच्या आसपास! आणि लक्षात घ्या, खानापूर हे उत्तर कन्नड लोकसभेत आहे, आमची निपाणी चिक्कोडीत. म्हणजे हे दोन्ही तालुके वगळून एवढी मतं.

त्यानंतर पाचच महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, बेळगाव महापालिकेची निवडणूक झाली. ५८ पैकी ३५ जागा भाजपला. ज्या महापालिकेवर वर्षानुवर्षं आपला झेंडा होता, तिथं आपले नगरसेवक बोटांवर मोजण्याइतके. मतदान यंत्राला व्हीव्हीपॅट नव्हतं हा आपला आक्षेप होता, तो असू दे. पण सगळा फरक त्यानंच पडला, हे मला पटत नाही.

मग एप्रिलमधली माणसं सप्टेंबरात गेली कुठं?

मला वाटतं, एप्रिलमध्ये मतं पडली ती रागातून. डिसेंबर २०२० मध्ये महापालिकेसमोर लाल-पिवळा झेंडा लावला गेला, तो राग ताजा होता. मागं जाऊन बघा, प्रत्येक चढ असाच आहे. १९८६ ला कन्नडसक्ती आली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, आजही १ जूनला आपण हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जमतो. २००५ ला महापालिकेनं महाराष्ट्रात जायचा ठराव केला, महापौरांच्या तोंडाला बेंगळुरूत काळं फासलं, महापालिका बरखास्त झाली, आणि सगळा भाग पेटून उठला. २०१४ ला येळ्ळूरचा फलक पाडला, लाठीमार झाला, पुन्हा तेच. म्हणजे आपण कधी उठायचं हे बऱ्याचदा समोरचाच ठरवतोय की!

आणि वॉर्डाची निवडणूक रागावर होत नाही. तिथं नळाला पाणी, गटार, उतारा, रेशन कार्ड, ह्यासाठी कोण धावून येतं ते लोक बघतात. मार्च २०१९ ला जुन्या सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर अडीच वर्षं निवडणूकच नाही. एवढ्या काळात लोकांचं काम ज्यानं केलं, त्याच्याकडं लोक गेले. ह्यात गद्दारी शोधू नका. माझ्याच गल्लीतले काका १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात आणि दुसऱ्या दिवशी कामासाठी दुसऱ्या पक्षाच्या पुढाऱ्याकडं जातात. त्यांना ह्यात काही विसंगत वाटत नाही, आणि खरं सांगू, मलाही नाही.

सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ पासून चालू आहे. आपल्यातले बरेचजण तेव्हा शाळेतही नव्हते. निकाल लागेपर्यंत थांबायचं म्हटलं तर आणखी एक पिढी उतारवयाला लागेल. (निपाणीचं देवचंद कॉलेज बघा, गावाला लागून आहे पण महाराष्ट्रात, अर्जुननगरला. आम्ही शिकायला रोज सीमा ओलांडतो, त्यासाठी कुठला निकाल लागला नव्हता.)

म्हणून आलेख काढायचाच असेल तर मोर्चातली डोकी मोजू नका. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी नोटिसा त्यांच्या भाषेतही द्याव्यात, अशी तरतूद आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत, तालुक्यात मराठीत नोटीस मागणारे किती लेखी अर्ज गेल्या वर्षात गेले? पोच किती जणांकडं आहे? मराठी शाळेत पहिलीला ह्या जूनमध्ये किती पोरं बसली? हे तीन आकडे आपापल्या गावचे काढा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. मी निपाणीचे आणतो.