बंद जिनिंग, चालू बोली

मूर्तिजापूर कापसाच्या पट्ट्यातलं जंक्शन. शकुंतला रेल्वेचे नॅरोगेज रूळ इथं पडले तेही कापसासाठीच. अशा गावात कर्जात बुडालेल्या जिनिंगच्या लिलावाची नोटीस वर्तमानपत्रात आली, की रेचे, मोटारी, वजनकाटा यांवर अनेकांचा डोळा जातो.

घाई मात्र नको. पहिल्या फेरीतली राखीव किंमत बरेचदा चढी असते. बँकांनी लिलावात काढलेलं मुंबईतलं किंगफिशर हाऊस २०१६ मध्ये १५० कोटींना कुणी घेतलं नाही. २०२१ मध्ये ते ५२.२५ कोटींना गेलं!

कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखाली होणाऱ्या बँकेच्या लिलावात बोली लागली, की अनामत धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरायची. उरलेली साधारण १५ दिवसांत. चुकलं, तर भरलेले पैसे जप्त.

माल ‘जसा आहे, जिथे आहे’ याच अटीवर मिळतो. म्हणून पाहणीला जाणता मिस्त्री सोबत हवा. जळालेली मोटार नव्या रंगाखाली त्याच्यापासून लपत नाही. जागेसकट घेणाऱ्यानं वीजबिलाची थकबाकीही तपासावी. नियमांत तशी तरतूद असेल, तर जुनी बाकी भरल्याशिवाय वीज कंपनी नवी जोडणी नाकारू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये सांगितलं आहे. यंत्रं सुटी करण्याची मजुरी, क्रेन, ट्रकभाडं आणि जीएसटी तर वेगळाच.