थरांत अडकलेलं पाणी



आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत बांबूचं बोलणं निघालं की ते हक्कांवर येतं, आणि यायलाच हवं. 2011 मध्ये मेंढा-लेखाच्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक आलं. त्यामागची झुंज तुम्हाला सांगायला नको. पुढे चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. 2023 मध्ये वणी-वरोरा रस्त्यावर 200 मीटरचा बांबूचा क्रॅश बॅरियर लागला. आता बांबूच्या पट्ट्या, काचेचं कापड आणि रेझिन एकजीव करून टिकाऊ फळ्या बनवायचं इथल्या तरुणांनी मनावर घ्यावं, असं मला वाटतं. त्यांच्यासाठी आज एकाच शत्रूबद्दल बोलतो: थरांमध्ये राहून जाणारी पोकळी.

डोळ्यांना न दिसणारा बुडबुडा किती नुकसान करतो? कार्बन-इपॉक्सीवरचे प्रयोग सांगतात की पोकळी चार टक्क्यांपर्यंत वाढत जाते तेव्हा दर टक्क्यामागे, थर एकमेकांवरून सरकू न देणारी ताकद साधारण 7 टक्क्यांनी घटते. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग 787 च्या केबिनच्या जमिनीखाली बसणाऱ्या कार्बन फायबरच्या तुळया बनल्या आहेत. विमानाच्या अशा कामात एक-दोन टक्क्यांपलीकडे पोकळी सहसा चालवून घेत नाहीत.

विमानवाल्यांकडे ऑटोक्लेव्ह असतो, वातावरणाच्या सहा-सात पट दाब देणारी अजस्र भट्टी. आपल्याकडे असणार ती थरांवर घालायची प्लास्टिकची बॅग, कडेची चिकट सील टेप आणि पंप. पंप हवा काढतो. थर दाबतं ते बाहेरचं वातावरण. हा दाब चौरस मीटरला सुमारे दहा टन भरतो. त्याहून जास्त काही केल्या मिळत नाही. त्यामुळे इथे हयगय महागात पडते.

हवेचा बंदोबस्त त्या मानाने सोपा. चार-पाच थर झाले की बॅग लावून दहा-पंधरा मिनिटं दाबून घ्यायचे. कोपऱ्यात बॅगेला सैल चुणी ठेवायची, नाहीतर ती ताणली जाते आणि नेमक्या त्या जागी दाब पोचत नाही. हवेला कडेपर्यंत कोरडी वाट ठेवायची. शेवटी पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून पाच मिनिटं गेजकडे बघत बसायचं. काटा पाऱ्याच्या एका इंचाने घसरला तर गळती शोधा. रेझिन ओतायची घाई नको.

पाण्याचं तसं नाही. ते लाकडात, कापडात, रेझिनमध्ये मुरलेलं असतं आणि गेजवर दिसत नाही. चंद्रपूरचा मे महिना घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये 46 अंश आहेत आणि बॅगेत वातावरणाचा दहावा हिस्सा दाब उरला आहे. एवढ्या कमी दाबाला पाणी 46 अंशांवरच उकळतं! म्हणजे गेज उत्तम व्हॅक्यूम दाखवत असताना आत वाफेचे बुडबुडे धरू शकतात. पुढे फळी पक्की करायला 80 अंशांपर्यंत तापवली तर वाफेचा दाब वातावरणाच्या निम्म्याजवळ जातो. रेझिनमधला दाब त्याहून कमी पडला की बुडबुडा फुगणारच.

रेझिनमधला दाब कमी कसा पडतो, हे नीट समजून घ्या. जास्तीचं रेझिन शोषायला वरून कापड ठेवतात. त्याने फार रेझिन ओढलं तर तंतू एकमेकांवर टेकतात, सगळा भार तेच घेतात आणि मधलं रेझिन दाबाविना उरतं. कोरडी, हलकी फळी दिसायला छान दिसते. आतून ती पोकळ असू शकते. पॉलिएस्टर रेझिन वापरणाऱ्यांनी आणखी सांभाळावं, कारण कडक व्हॅक्यूममध्ये त्यातलं स्टायरीनही उकळतं. बॅग रेझिनने भरली की व्हॅक्यूम थोडा उतरवणं शहाणपणाचं.

म्हणून माझा आग्रह असा, की गडचिरोलीत कुणी असं वर्कशॉप काढलं तर पहिला खर्च मोठ्या पंपावर करू नये. आधी पट्ट्या वाळवायची भट्टी आणि चांगला वजनकाटा घ्यावा. पट्टीचं वजन करा, 103 अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा. 112 ग्रॅमची पट्टी 100 वर आली तर तिच्यात कोरड्या वजनाच्या 12 टक्के पाणी होतं. ही नोंद प्रत्येक गठ्ठ्याची ठेवा, आणि पावसाळ्यात वाळवलेल्या पट्ट्या बॅगेत जाईपर्यंत हवाबंद ठेवा. उघड्यावर त्या पुन्हा दमट होतात.