चेंडू कोणाकडे?



झिंबाब्वेतील बुलावायो येथे २००२ साली सुरू झालेली ‘ग्रासरूट सॉकर’ ही संस्था फुटबॉलच्या साह्याने मुलांना एचआयव्ही-प्रतिबंध शिकविते. त्यांचा एक खेळ असा: मुलांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एक रांग पाठीमागून चेंडू हातोहात फिरविते. तो कोणाकडे आहे, हे दुसरीने चेहरे पाहून ओळखावयाचे. मग प्रशिक्षक सांगतो, चेंडू म्हणजे विषाणू. चेहऱ्यावरून तो कळत नाही, तपासणीनेच कळतो. जोडीदाराच्या निरोगी दिसण्यावर विसंबू नये.

आम्ही हिशेबी माणसे. भित्तिपत्रकांचा खर्च चोख लिहितो; ती वाचून किती तरुण तपासणीस आले, हा रकाना मात्र आमच्या वहीत नाही. येत्या वर्षी त्या रकमेतून थोडे चेंडू घेण्यास अनुमती असावी, ही विनंती.